बसून कापायचं गवत

रविवारी दुपारी आम्ही परातीचं माप घेतलं. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. तेव्हा कुणी सांगितलं नाही की हे शेवटचं, नाहीतर मी ते इतक्या लवकर आवरू दिलं नसतं.

कमल, म्हणजे माझी बायको, मागच्या बागेत घडीच्या खुर्चीत बसली होती. सप्टेंबरचं ऊन होतं, आमच्या लेस्टरमध्ये असतं तसं, डोळ्याला दिसतं पण अंगाला लागत नाही. तिच्या पायावर मी गोधडी टाकली होती आणि डोक्यात माझी लोकरीची टोपी घातली होती. म्हणाली, "माकड दिसत असेन." मी म्हटलं, "माकड बरं दिसतं." ती हसली, आणि हसताना तिला धाप लागली. म्हणून पुढची गंमत मी गिळली. गेल्या वर्षभरात मी बऱ्याच गमती गिळल्या. तिचं हृदय दमलं होतं. डॉक्टर दर वेळी इंग्रजीत वेगळं काहीतरी सांगायचे, पण मला कळायचं ते एवढंच, की दमलंय आणि आता पुन्हा ताजं होणार नाही.

परात म्हणजे भाकरीची परात नव्हे. इथं बागेत चालवायचे छोटे ट्रॅक्टर असतात. त्यांच्या पोटाखाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, एक लोखंडी झाकण लटकतं. त्याच्या आत पाती फिरतात आणि गवत कापतात. इंग्रज त्याला डेक म्हणतो. कमलनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, ही तर उपडी परात. तेव्हापासून आमच्या घरात ती परातच. आमचा मुलगा मिलिंद शाळेत असताना एकदा मास्तरांना "माय डॅड रिपेअर्स परात" असं सांगून आला होता.

तर त्या रविवारी गवतात परात ठेवलेली, जुनी, गंजकी, आदल्या दिवशीच मी आणलेली. कमलनं मांडीवरचा खाकी कागद उलगडला. आमच्या लाल ट्रॅक्टरचं माप त्या कागदावर होतं. मी म्हटलं, दे, मी ठेवतो. म्हणाली, "तुम्ही खुर्ची धरा. मी पडले तर कागद फाटेल." मी खुर्ची धरली. ती वाकली, कागद परातीवर पसरला, एकेका भोकात बोट घालून बघायला लागली. मी कागदाकडे बघत नव्हतो. तिच्या बोटांकडे बघत होतो. पाणी भरून सुजलेली, नखं निळसर. हीच बोटं कारखान्यात दिवसभर कात्री चालवायची आणि घरी येऊन पीठ मळायची...

बऱ्याच वेळानं ती मागं टेकली.

"कान बसतात. पण पुली पलीकडे पडते."

"किती?"

"वीतभर. हीसुद्धा नाही हो."

मी म्हटलं, असू दे, दुसरी बघू. मी थर्मासमधला चहा ओतला. तिनं अर्धं बिस्किट खाल्लं आणि उरलेलं अर्धं माझ्या बशीत ठेवलं, नेहमीसारखं. गार वारा सुटला तसं मी तिला धरून आत नेलं. खुर्ची, कागद, परात सगळं तिथंच राहिलं. म्हटलं, सकाळी आवरू.

संध्याकाळी ती गेली. ॲम्ब्युलन्स आली होती, माणसं चांगली होती, धावपळ करत होती. हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्यांच्या धावपळीचा काही उपयोग राहिला नव्हता. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. मला येत नाही आणि मला लिहायचंही नाही.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहायची माझी लायकी नाही. आमच्या विहारातल्या पोरांनी सांगितलं, काका, कमलकाकूंवर तुम्हीच लिहा, लोक "प्रेमळ होत्या, कष्टाळू होत्या" असं लिहितील. ती कष्टाळू होती हे खरं, पण प्रेमळ म्हणाल तर तिची जीभ विळ्यासारखी होती. मला ती तशीच पाहिजे. म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव मराठवाड्यात. कमल लहानपणी दुसऱ्याच्या बांधावरचं गवत कापायची. तिची आई, ती आणि तिची बहीण. सकाळी वाकायचं ते ऊन डोक्यावर आल्यावर सरळ व्हायचं, मग भारा डोक्यावर घेऊन ज्याचा बांध त्याच्या गोठ्यात टाकायचा. भारा ओट्याच्या खालीच टाकायचा, वर पाय ठेवायचा नाही. विळासुद्धा त्यांचाच, संध्याकाळी परत द्यायचा. ती हे रडून सांगत नसे. भाजीत मीठ कमी पडलं हे जसं सांगावं तसं सांगायची. फक्त लग्न झाल्यावर माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की ही बाई सरळ उभी राहिली तरी हात कमरेवर ठेवते. आधार दिल्यासारखा. शेवटपर्यंत ठेवायची.

इथं इंग्लंडात आल्यावर मी ओतकामाच्या कारखान्यात लागलो आणि ती होजिअरीत. आधी शिलाईवर, मग कटिंगवर. कागदाचे नमुने करायचे, कापडाच्या थरावर ठेवायचे, कापायचे. इंग्रजी वाचता येत नव्हतं तिला, मलाही फारसं नाही, पण कागदावर माप घ्यायला इंग्रजी कशाला लागतं? घरी ती बेलग्रेव्ह रोडवरच्या निम्म्या बायकांची पोलकी शिवायची. माणूस दारातून आत आला की तिचा डोळा आधी त्याच्या खांद्यावर जायचा. माझ्या साहेबाला पहिल्यांदा भेटली तेव्हा मला मराठीत म्हणाली, "ह्याचा एक खांदा उतरलाय, ह्याला तयार कोट बसत नसेल." साहेब हसून "थँक यू" म्हणाला.

ऐंशी सालानंतर कारखाने एकामागून एक बंद पडायला लागले, माझाही पडला. हाताला काम नसलेला माणूस घरात कसा दिसतो ते कमलनं महिनाभर बघितलं आणि मग म्हणाली, "तुम्ही काहीतरी मोडकं आणा आणि दुरुस्त करा. नाहीतर मी तुम्हाला मोडीन." आमचं घर कोपऱ्यावरचं, मागची बाग लांबच लांब, पार जुन्या रुळांपर्यंत गेलेली. तिथं मी शेड उभी केली. गवत कापायची मशिनं दुरुस्त करायला लागलो. मग कुणीतरी बागेतला ट्रॅक्टर आणला, मग दुसरा. जुनी मशिनं. ज्यांचे मालक म्हातारे आणि कंपन्या बुडालेल्या. गोऱ्यांना गायकवाड म्हणता येईना, ते मला "गाय" म्हणायला लागले. कमल म्हणाली, "पहिल्याच भेटीत ओळखलं बघा तुम्हाला."

लाल ट्रॅक्टर असाच आला. रस्त्याच्या टोकाला राहणारे एक म्हातारे गृहस्थ बाग सोडून फ्लॅटमध्ये चालले होते. म्हणाले, गाय, हा घेऊन जा, अमेरिकेतून आलेला आहे, इंजिन चांगलं आहे, पण ह्याचा डेक हरवलाय. मी तो ढकलत ढकलत घरी आणला. कमल पोळ्या टाकून बाहेर आली, तशीच, पिठाच्या हातानं. त्याच्याभोवती एक चक्कर मारली. सीट बघितली. रुंद, लोखंडी, बुडाला जागा असलेली. बसली. स्टिअरिंगला पीठ लागलं.

"ह्यानं गवत कापता येतं?"

"परात मिळाली तर येतं."

"बसून?"

"मग काय उभं राहून? बसूनच."

ती तशीच बसून राहिली. मागं बाग होती, गुडघ्याएवढं गवत माजलेलं. मग म्हणाली, "आयुष्यभर गवत वाकून कापलं. मला एकदा बसून कापायचंय."

मी म्हटलं, त्यात काय, शेडमध्ये उभा आहे बघ गिऱ्हाइकाचा हिरवा ट्रॅक्टर, परातीसकट, बस आणि काप. तर माझ्याकडे रोखून बघितलं. "दुसऱ्याचा विळा खूप धरला," म्हणाली. "ह्याची परात शोधा."

तिथून सगळं सुरू झालं. मला वाटलं, लाल ट्रॅक्टर, लाल परात, आठवड्यात मिळेल. काही कळत नव्हतं मला. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे दोन ट्रॅक्टर, दोन वर्षांच्या अंतरानं बनवलेले, आणि एकाची परात दुसऱ्याला लागत नाही. नंबरची पट्टी बघावी तर गंजून गेलेली. विकणारा सांगतो "फिट्स एनीथिंग". काही फिट होत नाही. बघायचं असतं ते वेगळंच. परात ज्या कानांवर लटकते ते कान एकमेकांपासून किती लांब आहेत. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये तिला मावायला जागा किती. ती वर उचलणारा दांडा कुठं पकडतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट पुली, म्हणजे इंजिनाकडून पट्टा जिच्यावर येतो ते चाक. ती एका बाजूला असते, आणि वरच्या पुलीच्या रेषेत आली नाही तर पट्टा उडतो. कान वेल्डिंग करून हलवता येतात. पुली हलवता येत नाही, निदान मला तरी नाही.

मी टेप घेऊन आडवा पडायचो, आकडे सांगायचो आणि विसरायचो. कमल दोन दिवस बघत राहिली. तिसऱ्या दिवशी खाकी कागदाचा ताव घेऊन स्वतः ट्रॅक्टरखाली शिरली, पदर खोचून. कागद खालून ट्रॅक्टरच्या पोटाला दाबून धरला, जिथं कान तिथं पेन्सिलनं भोक, जिथं पुली तिथं गोल, पुढच्या बाजूला बाण. बाहेर आली तेव्हा कपाळाला ग्रीस. "झालं. आता हा कागद ज्या परातीवर बसेल ती आपली. पोलक्याला काय आपण माणूस घेऊन जातो दुकानात?"

कागद घेऊन आम्ही व्हॅननं पार समुद्राकडच्या एका खेड्यात गेलो. एकाच्या अंगणात परात पडलेली होती. कमलनं कागद ठेवला. सगळं बसलं. पुलीसुद्धा. गाणं म्हणत घरी आलो. लावायला गेलो तर पुली नेमकी उलट्या बाजूला! मी खाली, ती वर, दोघं भांडतोय. मग तिनं कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि खाली बसून इतकी हसली की शेजारीण कुंपणावरून डोकवायला लागली.

झालं होतं असं की ट्रॅक्टरखाली निजून तिनं पेन्सिलच्या खुणा केल्या त्या कागदाच्या तिच्याकडच्या अंगाला, म्हणजे खालच्या. परातीवर ठेवताना ते अंग खालीच जायला पाहिजे. पण माणूस काय करतो, खुणा दिसाव्यात म्हणून ते अंग वर ठेवतो. मग डावं उजवं होतं.

"अहो, दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या मी!" कटिंगला लागल्यावर पहिल्या आठवड्यात तिनं खरोखर तसं केलं होतं, झबल्यांच्या एका अख्ख्या थराला. सुपरवायझरणीनं सगळ्यांसमोर दाखवलं होतं. ते आठवून आठवून हसत होती. मग कपाळावरची टिकली काढली आणि कागदाच्या दुसऱ्या अंगाला चिकटवली. म्हणाली, "टिकली वर दिसली पाहिजे. टिकली दिसत नाही म्हणजे कागद पालथा."

पुढं तो आमचा धंदाच झाला. ज्याच्याकडे जुना ट्रॅक्टर आहे आणि परात नाही, त्याचं माप कमल घ्यायची. शेडच्या भिंतीला खिळ्यांवर खाकी कागद लटकायचे, शिंप्याच्या दुकानासारखे, प्रत्येकाला टिकली. लाल, मरून, चंदेरी, काही नागासारख्या लांब. नॉटिंगहॅमहून, मँचेस्टरहून माणसं यायची. एक शेतकरी तर दर वेळी अंडी आणायचा आणि विचारायचा, "इज द लेडी इन?" माझ्याकडे बघायचाही नाही. कमल परातीला हात लावून मराठीत म्हणायची, "मुंढ्यात घट्ट होणार," आणि मी इंग्रजीत सांगायचो, "शी सेज नो." एवढ्यानं भागायचं.

सगळ्यांच्या पराती मिळाल्या. आमच्या लालची मिळेना. तसले ट्रॅक्टर ह्या देशात फार आलेच नव्हते. कधी एखादी सापडायची, कागद ठेवायचा, कान चुकायचे. वर्षं गेली. मिलिंदचं लग्न झालं, नातवंड झालं. मी दर वसंतात लालचं इंजिन चालू करायचो, कमल त्याच्यावर बसून रुळांपर्यंत जाऊन यायची, गवत न कापता. खाली नुसतं तुडवलं जायचं. उतरताना म्हणायची, "चला, वरात झाली."

मग ती आजारी पडली.

इथून पुढं मी शहाण्यासारखा वागलो नाही आणि त्याची मला लाज नाही. आमच्या आईबापांनी देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले आणि बाबासाहेबांच्या मागं गेले. आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, काही नाही. आणि मी, माझ्या बापाचा मुलगा, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कॉफीच्या मशीनशेजारी उभा राहून मनात म्हणालो, परात मिळाली तर ही राहील. कुणाला म्हणालो माहीत नाही. लोखंडाला म्हणालो असेन. पण एकदा म्हणालो ते डोक्यातून जाईना. तिच्या पायावर सूज आली की मी फोन फिरवायचो. तिला दाखल केलं की मी व्हॅन काढायचो. भेटायची वेळ संपली की निघायचो, वेल्सला जायचो, यॉर्कशायरला जायचो, जुन्या सामानाच्या बाजारात चिखलात गुडघे टेकून कागद पसरायचो, आणि पाऊस कागदावर पडू नये म्हणून अंगाची छत्री करायचो. लोक बघायचे. बघू देत.

मिलिंद एकदा म्हणाला, "बाबा, मी नवीन मोअर घेतो आईसाठी. ब्रँड न्यू. ती बसेल, गवत कापेल, डन. इट्स द सेम थिंग."

कमल पलंगावर होती. "सेम नाही," म्हणाली. "त्याचं माप मी नाही काढलं."

"आई, बट तुला फक्त गवत कापायचा आहे ना?"

"कापायचं आहे. गवत ते. एवढा शिकलास आणि गवताला पुरुष केलंस."

त्यानं डोक्याला हात लावला. पण त्या दिवशी ती उठून दोन घास जेवली. भांडण झालं की तिला बरं वाटायचं. मी मुद्दाम भांडणं काढायला लागलो होतो. वरणात हिंग जास्त झाला म्हणून, पडदा उघडा राहिला म्हणून. तिला ते कळलं. म्हणाली, "अहो, पुरे करा, तुम्हाला नीट भांडता येत नाही."

शेवटची परात सापडली लिंकनशायरमध्ये, एका विधवा बाईच्या गोठ्यात. कोंबड्या त्या परातीवर बसायच्या. त्या अंडीवाल्या शेतकऱ्यानंच फोन केला होता. मी निघालो तर कमल कागद देईना. उशाखाली ठेवला होता. "परात इथं आणा. ह्या वेळी मी बघणार." मी म्हटलं, बसली नाही तर एवढं ओझं उगाच. म्हणाली, "मग परत नेऊन द्या. कोंबड्या वाट बघतील." म्हणून मी नुसत्या डोळ्यानं बघून ती उचलली. त्या बाईनं विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, मिसेससाठी. तिला वाटलं माझं इंग्रजी कच्चं आहे.

येताना सगळ्या रस्त्यानं मी त्या परातीशी बोललो. बस, म्हटलं. बस बाई, एवढी एक बस.

आणि रविवारी कमल म्हणाली, हीसुद्धा नाही हो.

आता रोज सगळे सांगतात, त्या सुटल्या. सुटली कशी? माझ्या हातातून सुटली म्हणा. तिला आता त्रास नाही म्हणतात. त्रास होता तेव्हा ती होती. मला सकाळी उठून कुणासाठी किटली लावायची ते कळत नाही. दोन कप काढतो, एक परत ठेवतो. शेडच्या भिंतीवरचे कागद वाऱ्यानं हलतात, तेवढाच आवाज. लोक म्हणतात, काका, मन रमवा, दुरुस्त्या करा. अंडीवाला येऊन गेला. दारात उभा राहिला, टोपी काढली, अंडी पायरीवर ठेवली आणि गेला. त्यानं "इज द लेडी इन" विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. काय करायचं माणसानं? माझं वय झालं आहे आणि माझ्यापुढं खूप दिवस आहेत असं डॉक्टर सांगतात. मला ते धमकीसारखं वाटतं...

तर ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

घर भरलं होतं. विहारातल्या बायका आल्या होत्या, पांढऱ्या साड्या नेसून, कुणी चहा करत होतं, कुणी रडत होतं. मिलिंदची बायको सगळ्यांना खुर्च्या देत होती. एक खुर्ची कमी पडली. तेव्हा मला आठवलं, एक बागेत आहे. मी ती आणायला मागं गेलो. खरंच तेवढ्यासाठीच गेलो.

गवत दवानं भिजलेलं. खुर्ची होती तशी. गोधडी अर्धी खाली घसरलेली. परातीवर कागद ओला होऊन चिकटला होता, पेन्सिलच्या खुणा काळ्या झालेल्या. मी म्हटलं, हा तरी सुकवावा, तिच्या हातचा आहे. फाटू नये म्हणून एका कोपऱ्यापासून हळूहळू सोडवायला लागलो. आणि सोडवताना पेन्सिलचे गोल बघत होतो. मला नीट दिसत होते ते.

दिसत होते... तिथं माझा हात थांबला. कारण ते दिसायला नको होते.

कागद पूर्ण उचलला. खाली, गंजावर टेकलेली, टिकली होती. मरून रंगाची, कडेनं उडालेली. सगळी रात्र परातीला तोंड लावून पालथी पडली होती.

मी कागद उलटा केला. टिकली वर घेतली. पुन्हा ठेवला. कान बसले. दांडा बसला. पुली जिथं गोल होता तिथं होती. बरोबर तिथं.

मी त्या रिकाम्या खुर्चीला म्हणालो, "अगं, परत दोन्ही बाह्या एकाच हाताच्या केल्यास."

आणि मग कुणी हसलं नाही.

मी किती वेळ तिथं बसलो ते सांगता येणार नाही. मग शेडचं दार उघडलं, लाल ट्रॅक्टर बाहेर काढला. परात त्याच्या पोटाखाली सरकवली, चिखलात निजलो, कान अडकवले, पिना घातल्या. एकही ठोकावी लागली नाही. इतकी वर्षं आम्ही जे शोधत होतो ते सगळं बोटानं दाबलं तसं आत गेलं. पट्टा चढवला. वरची पुली, खालची पुली, एका रेषेत. हेच काल झालं असतं तर... हा विचार मी तेव्हा केला आणि अजून करतोय आणि तो संपत नाही.

इंजिनचा आवाज ऐकून मिलिंद पळत आला. पायात नुसते मोजे.

"बाबा! काय करता तुम्ही? लोक आत बसला आहे. फ्युनरलवाले येतील आत्ता."

"बसू दे त्यांना."

"बाबा, प्लीज. पीपल विल थिंक—"

"बसली रे," मी म्हटलं. "परात बसली."

तो बघत राहिला. मग खाली वाकून त्यानं ट्रॅक्टरच्या पोटाखाली बघितलं. लहानपणी तिथं तो आईशेजारी टॉर्च धरून निजायचा. बघून उठला तेव्हा त्याचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. खुर्ची वाटेत होती म्हणून ती उचलायला गेला.

"तिला हात लावू नकोस," मी म्हटलं.

मी सीटवर चढलो. त्या सीटवर मी कधी बसलो नव्हतो, ती तिची होती. दांडा ओढला, पाती फिरायला लागली, आणि गवत एका बाजूनं उडायला लागलं, हिरवं, ओलं. वास आला. शेजारीण कुंपणापाशी आली. मागच्या दारात पांढऱ्या साड्यांची गर्दी झाली, कुणाचं तोंड उघडं, कुणाचा पदर तोंडावर. मी कुणाकडे बघितलं नाही. रुळांपर्यंत गेलो, वळलो, परत आलो. पट्ट्यापट्ट्यानं सगळी बाग कापली, बसून, पाठ सरळ ठेवून, तिनं कापली असती तशी. खुर्चीजवळ आलो की वळसा घालायचो. पुन्हा जवळ यायचो, पुन्हा वळसा.

बाग झाली. इंजिन बंद केलं. खुर्चीच्या चार पायांमधलं गवत तेवढं उभं राहिलं होतं. मिलिंद शेडमधून कात्री घेऊन आला. मी त्याला म्हटलं, राहू दे. ते कापायला वाकावं लागेल.